मोटरच्या बेअरिंगची कंपने मोजायला बाजारातला स्वस्त सेन्सर चालेल काय?

मकरपुरावासी:
नमस्कार. बडोद्यात पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या संशोधन विभागात मी काम करतो. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरचे ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग बिघडू लागल्याचे वेळीच कळावे, यासाठी प्राथमिक नमुना उभा करायचा आहे. परंतु औद्योगिक कंपनमापक घेण्यास वरिष्ठांची तूर्त तयारी नाही. मोबाइलमधील सेन्सर, किंवा आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडलेला एडीएक्सएल ३४५ हा त्वरणमापक सेन्सर, यांवर भागेल काय?

मोजमाप:
१४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४. या बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर खरवड पडली, तर तिचा ठोका शाफ्टच्या सुमारे ३.५८ पटीने, म्हणजे ८६ हर्ट्झच्या आसपास येतो. अँड्रॉइड १२ पासून विशेष परवानगी न मागणाऱ्या ॲपला सेकंदाला साधारण २०० नमुनेच (म्हणजे मोजमापाच्या नोंदी) मिळतात आणि त्यांतून जेमतेम निम्मे, म्हणजे १०० हर्ट्झपर्यंतचे दिसते; ८६ च्या दुपटी-तिपटीची कंपने हुकतात, त्यामुळे मोबाइलचा विचार सोडावा. एडीएक्सएल ३४५ सेकंदाला ३२०० नमुने देतो, मात्र ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसी या जोडणीवर ८०० च्या पुढे जाऊ नये असे त्याच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणून तो एसपीआय या अधिक वेगवान जोडणीने जोडावा. (आमचे दोन आठवडे याच चुकीत गेले.) फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने तर तो मुळीच लावू नये, कारण वरची कंपने ती पट्टीच गिळून टाकते.

नंदेसरीकर:
वरील मुद्दे रास्त आहेत. पण बिघाडाची अगदी पहिली चिन्हे कित्येक किलोहर्ट्झवर उमटतात, आणि ३२०० नमुन्यांतून १६०० हर्ट्झपलीकडचे काही हाती लागत नाही. तेव्हा तुमचा प्राथमिक नमुना असंतुलन किंवा वाढलेला बिघाड दाखवील, सुरुवात नव्हे, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे. ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात तर असे उघडे सर्किट नेऊच नये. शिवाय प्राथमिक नमुना जमला म्हणून तोच सुटा भाग उत्पादनात घालू नका: २०१० साली व्हिडिओ खेळासाठी आलेला किनेक्ट हा कॅमेरा-सेन्सर अनेक प्रयोगशाळांनी त्रिमितीय मोजमापासाठी वापरला, आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचे उत्पादनच थांबवले.

मकरपुरावासी:
आभारी आहे. एसपीआयची बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती. दुरुस्तीत काढलेली दोन खराब बेअरिंगे भंगारात पडून आहेत. आधी नव्या बेअरिंगची नोंद घेऊन मग ती खराब बेअरिंगे एकेक बसवतो, आणि ८६ हर्ट्झजवळ फरक दिसतो का ते येथे कळवतो.