‘फांट’ला काय म्हणावं, आणि ‘उत्पादक’ नेमका कोण?

विचारणा : जर्मनीत पेयांच्या बाटल्यांवर घेतात आणि रिकामी बाटली दिली की परत करतात त्या ‘फांट’ला तारण म्हणावं की अनामत? भारतातून आंब्याच्या सरबताचे कॅन मागवून तिकडे विकणाऱ्यांसाठी माहितीपत्रक लिहितोय. तिकडच्या पॅकेजिंग कायद्यातल्या ‘हेरश्टेलर’ला ‘उत्पादक’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : कोशात तारण असलं तरी इथे अनामतच लिहा. ‘डिपॉझिट’ही चालेल. ‘शुल्क’ मात्र नको, ते परत मिळत नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर (०.१ ते ३ लिटर) किमान २५ सेंट घेतात, विक्रीकर त्यातच धरून. पुन्हा भरायच्या बिअरच्या बाटलीवर सहसा ८ सेंट असतात. ती वेगळी व्यवस्था, एकाच ओळीत कोंबू नका.

दुसरं उत्तर : खरी गफलत ‘उत्पादक’मध्ये होईल. आपल्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक असे वेगवेगळे धरले आहेत. जर्मन कायद्यात व्यवसाय म्हणून माल देशात आणणाराही ‘हेरश्टेलर’च. कॅन रत्नागिरीत भरला असला तरी जबाबदारी हॅम्बुर्गच्या आयातदारावर येते. म्हणून पहिल्याच ओळीत ‘उत्पादक (यात आयातदारही आला)’ असं लिहा.

त्याची कामंही क्रमाने द्या. विक्रीआधी ‘लुसिड’ या पॅकेजिंगच्या नोंदवहीत नाव घालायचं. मग डीपीजी या अनामत व्यवस्थेत सामील होऊन प्रत्येक मालाचा बारकोड नोंदवायचा आणि कॅनवर डीपीजीची खूण आणायची. खुणेची शाई खास असते, घरच्या प्रिंटरवर छापलेली चालत नाही. भारतात छापलेल्या कॅनवर लेबल चिकटवायचं तर मूळ बारकोड पूर्ण झाका. तो उघडा राहिला तर रिकामे कॅन परत घेणारं दुकानातलं यंत्र तोच वाचू शकतं, नोंद सापडत नाही आणि कॅन परत बाहेर येतो. लेबल सुरकुतलं तरी तेच. गिऱ्हाईक मग दुकानदाराशी भांडतं.

पुरवणी : हिशेबाचंही लिहा. आयातदार दुकानदाराकडून २५ सेंट घेतो, दुकानदार गिऱ्हाइकाकडून. रिकामा कॅन गिऱ्हाईक दुसऱ्याच शहरातल्या दुकानात देऊ शकतं, आणि ते दुकान आपले पैसे आयातदाराकडे मागतं. त्यामुळे जमलेली अनामत नफ्यात धरून खर्च केली की मागण्या आल्यावर हात रिकामे. कॅन परतच आला नाही तर ती रक्कम आयातदाराकडे राहते. तिला ‘फांटश्लुप्फ’ म्हणतात, मराठीत ‘न मागितलेली अनामत’ सरळ आहे.