गट × ब्लॉक: एका कास्टवर भागलं का?

बिटकिडा: २०१४ मध्ये लिनक्स कर्नलच्या एक्स्ट४ मध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये, एक दुरुस्ती झाली. ती डिस्कचे छोटे तुकडे, म्हणजे ब्लॉक, गटागटांत वाटते. फाइलसिस्टिम वाढवल्यावर सुपरब्लॉकच्या (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकच्या) प्रती ताज्या करणारा कोड गटक्रमांकाला प्रतिगट ब्लॉकसंख्येने ३२ बिटांत गुणत होता. ४ केबीचे ब्लॉक धरले तर गटात ३२,७६८ ब्लॉक. १,३१,०७२ व्या गटाला, म्हणजे १६ टीबीला, गुणाकार ३२ बिटांत मावेनासा होऊन उलटून शून्यावर येतो. दुरुस्ती काय? गुणण्याआधी ६४ बिटांचा कास्ट, म्हणजे आकड्याचा प्रकार बदलणं. बस्स. गटाचा पहिला ब्लॉक काढणारं फंक्शन त्याच कोडमध्ये असताना हातानं गुणायचंच कशाला? ते गुणाकार सगळीकडून काढा.

जुनाखिळा: साफ असहमत. डेटा खराब करणारा बग आहे. ठिगळ जितकं छोटं, तितकं जुन्या आवृत्त्यांत पटकन जातं. पन्नास ठिकाणी हात घातलात तर तपासणार कोण? शिवाय मेटा-बीजी (गटांची वर्णनं ठिकठिकाणी वाटून ठेवणारी मांडणी) नसलेली एवढी मोठी फाइलसिस्टिम मुळात दुर्मीळ.

बिटकिडा: दुर्मीळ म्हणूनच तर वर्षानुवर्षं लपतो! उत्तर ६४ बिटी चलात ठेवलं की झालं असं वाटतं, पण सी भाषेत गुणाकार तोवर ३२ बिटांत उरकलेला असतो. ही चूक नजरेला दिसतच नाही.

रिकामीफाइल: तुमचं भांडण चालू द्या, पण चाचणी कशी कराल? २० टीबीवर काहीच सापडणार नाही. नेहमीच्या मांडणीत प्रती सगळ्या गटांत नसतात. ०, १ आणि ३, ५, ७ च्या घातांवर असतात. १,३१,०७२ नंतरचा पहिला असा गट ३ चा ११ वा घात, १,७७,१४७. म्हणजे २१.६ टीबी! त्यातून १,३१,०७२ गळाले की तिथली प्रत पडणार ४६,०७५ व्या गटाच्या तोंडाशी, साधारण ५.६ टीबीवर, कुणाच्या तरी फाइलीवर. डिस्क विकत घ्यायला नको, २२ टीबीची स्पार्स फाइल (रिकाम्या भागासाठी डिस्कवर जागा न घेणारी) पुरे. ती एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर करा, एक्स्ट४ वर एक फाइल १६ टीबीच्या पुढे जात नाही.

जुनाखिळा: हे मात्र मान्य, २० वर तपासून मीही ‘ठीक’ म्हटलं असतं. तरी आधी कास्ट जाऊ दे. साफसफाईचा पॅच वेगळा पाठवा, पुढच्या आवृत्तीसाठी.

बिटकिडा: ‘वेगळा पाठवा’ म्हटलेले पॅच कुठे जातात ते तुम्हालाही ठाऊक आहे.