अनुभव धागा : बातमीची शहानिशा उद्या कोण करणार?

आवाहन
त्रयस्थ संस्थांकडून करून घेतली जाणारी पडताळणी अमेरिकेत बंद करत असल्याचे फेसबुक चालवणाऱ्या मेटाने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. हे काम पुढे कोण आणि कसे करणार, ही चिंता आपल्याकडेही आहे. ते रोज करणाऱ्यांनी एकेक प्रसंग लिहावा, ही विनंती.

उपसंपादक, सांगली
ऑगस्ट २०१९ च्या महापुरात रात्री पावणेबाराला, पान छपाईला सोडायच्या घाईत, गल्लीत शिरलेल्या मगरीचे छायाचित्र सांगलीचे म्हणून आले. कृष्णेत मगरी आहेतच, त्यामुळे कुणालाही शंका आली नाही. मी ते मोठे करून पाहिले, तेव्हा मागच्या दुकानाच्या पाटीवरील अक्षरांना शिरोरेखा नव्हती. पाटी गुजराती होती आणि छायाचित्र काही दिवसांपूर्वीच्या वडोदऱ्याच्या पुरातले निघाले. असे मूळ आता संगणक क्षणात शोधून देतो. पण त्याला विचारावे अशी शंका आधी यावी लागते, आणि तेवढी उसंत डेस्कवर उरलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पडताळणी विभाग, मुंबई
नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर आलेली एक ध्वनिफीत खरी की बनावट, हे आम्ही तीन संगणकीय साधनांवर तपासले. तिन्हींची उत्तरे जुळली नाहीत, म्हणून ‘अद्याप निष्कर्ष नाही’ एवढेच लिहिले. वाचक चिडले, तरी तेच योग्य होते.

वार्ताहर, धुळे जिल्हा
१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांना मारून टाकले. त्या काळात देशभर फिरणारी मूल उचलून नेण्याची चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला होता. याचा खुलासा इंग्रजीत झालाही होता, पण ज्या पाड्यांवर घरात अहिराणी, भिली किंवा कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात, तिथवर तो कसा पोहोचणार? घटनेच्या आधीच्या आठवड्यात मलाही ‘टोळी आली आहे’ असे फोन आले होते. तसे काही नाही, हे मी फोन करणाऱ्यांना सांगितले, मात्र छापायला दिले नाही, कारण जे घडलेच नाही त्याची बातमी होत नाही, असे आम्ही शिकलो होतो. ती चूक मला आजही बोचते. आता असा फोन आला की मी त्या गावच्या पोलीस पाटलाला विचारतो आणि त्याच संध्याकाळी, टोळी नसल्याच्या चार ओळी गावाच्या नावासह पाठवतो.