डॉक्टर सात आठवडे म्हणतात, नवरा तर २२ मेला घरी आला, हिशोब कसा लागतो?

फौजीची_मंडळी
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी शेवटची पाळी १२ मेला आली, पाळी नेहमी २८ दिवसांनी येते, कधी मागेपुढे नाही. मिस्टर फौजेत आहेत, ते २२ मेला सुट्टीवर आले आणि जूनमध्ये परत गेले. पाळी चुकली म्हणून किट आणून बघितलं, दोन रेघा आल्या, घरात सगळे खूष. काल ३० जूनला सासूबाई आणि जाऊबाईंसोबत दवाखान्यात गेले, सोनोग्राफी झाली, बाळाचे ठोके दिसले आणि रिपोर्टवर सात आठवडे लिहून आलं. येताना गाडीतच जाऊबाईंनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या सात आठवड्यांपूर्वी भाऊजी कुठं होते घरी? सासूबाई काही बोलल्या नाहीत पण तेव्हापासून गप्प गप्पच आहेत. मशीन चुकतं का? परत जाऊन डॉक्टरांना विचारायचं तर यांच्यासमोर कसं विचारू, रात्रभर झोप नाही मला. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

सिस्टर_प्रसूती_वॉर्ड
ताई, आधी डोळे पुसा. तुमचं पण बरोबर आहे, डॉक्टरांचं पण बरोबर आहे आणि मशीन पण चुकलेलं नाही. गरोदरपणाचे आठवडे संबंध आले त्या दिवसापासून मोजतच नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. १२ मे ते ३० जून मोजा, बरोबर ४९ दिवस, म्हणजे सात आठवडे. यातले पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच, तरी ते धरतात, जगभर असंच धरतात. कारण बीज कुठल्या दिवशी फुटलं ते बाईला कळत नाही, पाळीची तारीख मात्र लक्षात राहते. कार्डावर एलएमपी लिहितात ना, ती हीच तारीख.

आता तुमचंच बघा. २८ दिवसांची पाळी असेल तर बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडतं, म्हणजे तुमचं २६ मेच्या आसपास. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. गर्भ धरतो तो नळीत, पिशवीत नाही, मग सरकत सरकत आठवडाभराने पिशवीत येऊन रुजतो, आणि रुजल्यावरच ते हार्मोन तयार होतं जे किटवर रेघ दाखवतं. मिस्टर २२ ला आले, बीज २६ च्या आगेमागे, अगदी चोख बसतंय सगळं.

सोनोग्राफीचं मशीन बाळाची लांबी मोजतं, सात आठवड्यांना ती साधारण एक सेंटिमीटर असते, पण त्याच्या तक्त्यातही ते दोन आठवडे आधीच धरलेले असतात, म्हणून रिपोर्टवर सात येतं. बाळाचं खरं वय पाच आठवडे. हे जाऊबाईंना वाचून दाखवा. आमच्या वॉर्डात याच हिशोबावरून रडत आलेल्या मुली मी बघितल्यात आणि मला दरवेळी राग येतो, कारण तपासताना दोन मिनिटं काढून हे सांगितलं तर पुढचं काहीच होत नाही.

कोल्हापूरची_ऋतू
सिस्टरांनी छान सांगितलं. फक्त ज्यांची पाळी माझ्यासारखी ४०-४५ दिवसांनी येते त्यांच्यासाठी, आपलं बीज उशिरा फुटतं त्यामुळं पाळीवरून मोजलं तर आठवडे जास्त दिसतात आणि सोनोग्राफीत बाळ लहान. मला पण तसंच झालं, घरचे म्हणाले बाळ वाढतच नाहीये, डॉक्टरांनी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख बदलून दिली आणि मग तीच शेवटपर्यंत ठेवली. लवकरची सोनोग्राफी जास्त पक्की असते, पुढे पुढे प्रत्येक बाळाची वाढ वेगळी होत जाते. ती केली नसती तर तारीख उलटली म्हणून उगाच कळा आणायचं इंजेक्शन लावायची घाई झाली असती.

नाशिकच्या_काकू
बाळा, तू एकटीने समजावत बसू नकोस. गावातल्या आशाताईला घरी बोलव, तिला नाव नोंदवायचंच असतं, तेही १२ आठवड्यांच्या आत. सगळ्यांसमोर तिला कार्ड भरू दे आणि १२ मेवरून बाळंतपणाची तारीख काढून दाखवायला सांग. नऊ महिने आणि सात दिवस पुढे, १९ फेब्रुवारी येते बघ. आशाताईने तोंडाने सांगितलेलं सासवा ऐकतात. आणि नवऱ्याला आजच फोन कर, आईशी त्याने बोलायला हवं, हे तुझ्या एकटीच्या डोक्यावर नको.

फौजीची_मंडळी
खूप खूप आभार सगळ्यांचे. मिस्टरांना सांगितलं, ते आईंशी बरंच वेळ बोलले फोनवर, आणि आशाताई उद्या येतेय. अजून एक विचारायचं होतं, मला सकाळी खूप मळमळतं आणि गावात सगळ्याजणी म्हणतात लोहाच्या गोळ्या लगेच सुरू कर, पण डॉक्टरांनी फक्त फोलिक ॲसिड दिलंय. विसरल्या का त्या?

सिस्टर_प्रसूती_वॉर्ड
नाही विसरल्या, आता फोलिकच घ्यायचं. बाळाचा मेंदू आणि मणका याच दिवसांत घडतो, खरं तर दिवस जायच्या आधीपासूनच ती गोळी चालू असावी, जिचं प्लॅनिंग चालू आहे तिने हे वाचून आजच डॉक्टरांना विचारावं. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कॅल्शियम पण तेव्हाच सुरू होतं, पण दोन्ही एकत्र गिळू नका, एकमेकांना शोषू देत नाहीत. कॅल्शियम जेवणासोबत, लोह दोन तासांनी लिंबूपाण्यावर चालेल, चहासोबत अजिबात नको. शी काळी होते, घाबरू नका. मळमळीला सकाळी उठायच्या आधी कोरडं काहीतरी खा आणि दिवसभर थोडं थोडं खात राहा. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल तर मात्र सलाईन लागू शकतं, थांबू नका.

रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं तर रात्र असली तरी १०८ ला फोन. पुढच्या महिन्यांत डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंड सुजणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, पाणी जाणं, यालाही तेच. प्रत्येक वेळी बीपी, वजन, लघवी बघून घ्या आणि हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे का ते स्वतः विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ९ जुलैला सासूबाईंना घेऊनच जा.