डोपिंगला सरळ परवानगीच दिली तर काय बिघडेल?

मधली सुट्टी

प्रश्न वादाचा आहे पण मनापासून विचारतोय, लगेच अंगावर येऊ नका. इतकी वर्षं डोपिंगच्या नावाने एवढा आटापिटा चाललाय, टेस्ट काय, बंदी काय, मेडल काढून घेणं काय, आणि तरी घेणारे घेतातच. लान्स आर्मस्ट्राँगने 1999 ते 2005 सलग सात वेळा टूर द फ्रान्स मारली, त्या काळात त्याच्या ढीगभर टेस्ट झाल्या, आणि शेवटी 2012 मध्ये तो अडकला तो कशामुळे, तर सोबतच्या सायकलपटूंनी तोंड उघडलं म्हणून. म्हणजे जो सापडतो तो चोर आणि ज्याचा डॉक्टर हुशार तो चॅम्पियन, असंच ना हे?

दुसरं म्हणजे नियमच मला विचित्र वाटतात. कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपून रक्तातल्या लाल पेशी वाढवल्या (त्या वाढल्या की दम वाढतो) तर चालतं, ईपीओ या हार्मोनचं इंजेक्शन घेऊन वाढवल्या तर गुन्हा. फिनलंडचा ईरो मँटीरांटा नावाचा स्कीइंगवाला होता, ऑलिंपिकची सात पदकं, त्याच्या जनुकातच असा बदल होता की लाल पेशी जन्मापासूनच भरमसाट. त्याला कोणी अडवलं नाही आणि अडवायचं कारणही नाही, पण मग त्याच्या शेजारी उभा राहणाऱ्या साध्या माणसाने काय करायचं? आणि 2004 च्या आधी कॅफीनसुद्धा एका मर्यादेपुढे बंदीच्या यादीत होतं, मग काढलं. म्हणजे यादी काही दगडावरची रेघ नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की सज्ञान माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मर्यादेत घेऊ द्या. लपूनछपून घाणेरडा माल घेण्यापेक्षा ते बरं नाही का? आता तर एन्हान्स्ड गेम्स नावाची स्पर्धा भरवणारे उघडच म्हणतायत की घ्या आणि या. विरोध करणाऱ्यांनी 'खेळाचं पावित्र्य' सोडून दुसरं काहीतरी कारण द्यावं ही विनंती.

धावता धोटा

पावित्र्य बाजूला ठेवतो, मलाही त्या शब्दाचा कंटाळा आहे.

'ठरलेल्या मर्यादेत घेऊ द्या' हा प्रयोग होऊन गेलाय, आणि तोही सायकलिंगमध्येच. नव्वदच्या दशकात ईपीओ पकडणारी टेस्टच नव्हती. मग 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने असं ठरवलं की रक्तातलं हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, पुरुषांमध्ये 50 टक्क्यांच्या वर गेलं तर तब्येतीच्या कारणाखाली पंधरा दिवस घरी बसा. बंदी नाही, ठपका नाही. कागदावर डोपिंगला परवानगी नव्हतीच, पण व्यवहारात अर्थ एकच झाला, 50 पर्यंत काय हवं ते करा. आणि तसंच झालं. टीमा रक्त फिरवून बघायची छोटी मशिनं सोबत घेऊन फिरायच्या, आकडा 49 च्या आसपास राहील असा डोस ठरवायचा, जास्त वाटला तर सलाइन लावून पातळ करायचं. 1999 च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत, पंतानी नावाचा सायकलपटू पुढे होता, शर्यत संपायला दोन दिवस राहिले होते, सकाळच्या तपासणीत आकडा 52 आला आणि त्याला बाहेर काढलं.

आता यात सगळे समान झाले का? उलट झालं. ज्याचा मुळातला आकडा 40 आहे त्याला वर जायला दहा पॉइंटची जागा आणि ज्याचा निसर्गतःच 48 आहे त्याला दोनच. म्हणजे तुमचा तो मँटीरांटासारखा माणूस, ज्याला देवाने दिलं होतं, त्याचा फायदा काढून घेतला आणि ज्याच्या शरीराला औषध जास्त लागू पडतं त्याला दिला. वर मर्यादा आली की मर्यादा मोडली का हे बघायला टेस्ट आलीच, लॅब आली, लपवाछपवी आली. जो उपद्व्याप बंद करायचा म्हणून परवानगी द्यायची तो सगळा तसाच राहतो, फक्त रेघ थोडी वर सरकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला घ्यायचंय त्याला मोकळीक दिली असं तुम्हाला वाटतं, पण ज्याला घ्यायचं नाही त्याचं काय? आज तो निदान म्हणू शकतो की नियम माझ्या बाजूने आहे. उद्या परवानगी दिली की कोच विचारणार, सगळे घेतायत, तुला काय धाड भरलीय? पॉवरलिफ्टिंगमध्ये टेस्टवाल्या आणि बिनटेस्टवाल्या संघटना वेगवेगळ्या आहेत, जाऊन बघा, बिनटेस्टवाल्यांत 'घेतोस का' असं कोणी विचारत नाही, 'काय घेतोस' असं विचारतात. तिथे न घेता वर पोचणं जवळजवळ अशक्य. परवानगी म्हणता म्हणता ती सक्ती होऊन बसते.

तिरकस

धोटेसाहेबांचा मुद्दा बरोबर आहे पण आत्ताची व्यवस्था म्हणजे काही रामराज्य नाही, ते पण बोला की. नियम असा की तुमच्या अंगात सापडलं म्हणजे जबाबदार तुम्ही, कसं गेलं हे नंतर बघू. 2000 च्या सिडनीत रोमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेआ रादुकान, वय सोळा, सर्दी झाली म्हणून टीमच्याच डॉक्टरने गोळी दिली, त्यात बंदी असलेलं स्यूडोएफेड्रिन, गेलं गोल्ड. त्या गोळीने तिला काही फायदा झाला असं कोणी धड म्हटलं पण नाही, तरी मेडल परत दिलं नाही ते नाहीच. 2002 मध्ये ब्रिटनच्या ॲलन बॅक्सटरचं स्कीइंगचं ब्राँझ गेलं ते नाक मोकळं करायच्या इनहेलरमुळे, त्याच्या देशात मिळणाऱ्या इनहेलरमध्ये बंदी असलेला घटक नव्हता आणि अमेरिकेत घेतलेल्यात होता, संपलं. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

आणि ऑलिंपिकमध्ये डोपिंगपायी पहिला बाद कोण झाला माहितीये? 1968, मेक्सिको, स्वीडनचा पेंटॅथलॉनवाला, पिस्तुलाच्या फेरीआधी हात थरथरू नये म्हणून बिअर प्यायला होता. एकदम खतरनाक गुन्हेगार.

त्यात वर तो ठावठिकाण्याचा नियम. मोठ्या खेळाडूंनी रोज एक तास ठरवून सांगायचा की मी अमक्या वेळी तमक्या ठिकाणी सापडेन, बारा महिन्यांत तीनदा चुकलं की थेट कारवाई, मग तुम्ही कधी काही घेतलेलं नसलं तरी. जामिनावर सुटलेला माणूस यापेक्षा मोकळा असतो. म्हणून मला सुट्टीसाहेबांचा राग समजतो. पण उपाय म्हणून सगळंच मोकळं सोडा हे मात्र आगीतून फुफाट्यात.

मधली सुट्टी

धोटे, ते 50 टक्क्यांचं माहीत होतं पण असा विचार केला नव्हता, पटण्यासारखं आहे. तरी एक सांगा, सक्तीचं म्हणता तर आत्ता सक्ती काय कमी आहे? चौदाव्या वर्षापासून रोज सहा तास सराव, शाळा सोडून, गुडघे खलास होईपर्यंत. कोणी म्हणतं का की हे नको असलेल्याने काय करायचं? शरीराची वाट लागायची ती नुसत्या सरावानेही लागतेच. मग औषधालाच वेगळा न्याय का?

कोपऱ्यातली

कारण गुडघा गेला तर तुम्हाला दिसतं, कळतं, तुम्ही थांबू शकता. हार्मोनमध्ये तसं होत नाही, काय बदललं ते कळेपर्यंत ते परत फिरण्यापलीकडे गेलेलं असतं. मुलींच्या बाबतीत तर जास्तच, स्टेरॉइड बंद केली म्हणून घोगरा झालेला आवाज परत येत नाही.

इथे सगळे पुरुष सायकलवाल्यांबद्दल बोलतायत म्हणून पूर्व जर्मनीचं लिहिते. तिथे देखरेख होती, डॉक्टर होते, नोंदी होत्या, डोस ठरलेले होते, अगदी तुम्ही म्हणता तसं. 1974 पासून सरकारी योजनाच होती, ओरल ट्युरिनाबोलच्या निळ्या गोळ्या, साधारण दहा हजार खेळाडूंना दिल्या असा अंदाज सांगतात, त्यात कोवळ्या मुली, आणि त्यांना सांगायचं काय तर व्हिटॅमिन आहे. हायडी क्रीगर नावाची गोळाफेकपटू, सोळाव्या वर्षापासून तिला हे सुरू केलं, 1986 मध्ये युरोपची चॅम्पियन झाली. पुढे 1997 मध्ये तिने लिंगबदल करून घेतला, आज ते अँड्रियास क्रीगर आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की मी काय आहे हे माझं मला ठरवायची संधीच या लोकांनी काढून घेतली. 2000 साली खटला चालला, क्रीडाखात्याचे सगळ्यात वरचे साहेब दोषी ठरले, शिक्षा मात्र स्थगित. तुरुंगात कोणी गेलं नाही.

त्या डॉक्टरांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण डॉक्टर टीमचा असला की त्याचा पेशंट म्हणजे मेडल. परवानगी दिल्याने त्याचा पगार देणारा बदलत नाही. आणि 'सज्ञान माणूस' म्हणताना जरा बघा की जिम्नॅस्टिक्स, स्विमिंगमध्ये माणूस सज्ञान होतो तेव्हा निम्मं करिअर झालेलं असतं. अठराला परवानगी दिलीत की सोळाला सुरू होणार, हे कळायला ज्योतिषी नको.

सुरक्षित डोसचं पण ऐकून घ्या. औषधाच्या चाचण्या होतात त्या आजारी माणसाची कमतरता भरून काढायला. धडधाकट माणसाला त्याच्या कितीतरी पट, त्यात तीन-चार गोष्टी एकत्र, दहा वर्षं दिल्या तर हृदयाची भिंत किती जाड होते हे बघायला अशी चाचणी कोणतीही समिती मंजूर करणार नाही. मग देखरेख करणारा डॉक्टर कशाच्या आधारावर देखरेख करणार?

बारावा गडी

थोडा वेगळा मुद्दा. सगळे तब्येतीवरच अडकलेत, पण समजा उद्या शंभर टक्के सुरक्षित गोळी निघाली तर? तरी बंदी चालेल असं मला वाटतं, आणि त्यासाठी पावित्र्य वगैरे लागत नाही. स्विमिंगचे ते वेग वाढवणारे पॉलियुरेथेनचे सूट आठवा. 2009 च्या रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये एका आठवड्यात 43 वर्ल्ड रेकॉर्ड पडले. सुटाने कोणाची किडनी गेली नाही, कोणाचा आवाज बदलला नाही, दुकानात मिळत होते, तरी 2010 पासून बंद केले. का, तर लोकांना पोहणारा बघायचा होता, सूट नाही. खेळ आपलं आपण ठरवतो की आम्हाला काय मोजायचंय, मॅरेथॉनमध्ये सायकल का नको याला तरी दुसरं काय उत्तर आहे?

तुमच्या एन्हान्स्ड गेम्सवाल्यांनी 2025 मध्ये जाहीर केलं की त्यांचा गोलोमीव्ह 50 मीटर फ्रीस्टाइल 20.89 मध्ये पोहला, 2009 चा सिएलोचा 20.91 चा रेकॉर्ड मोडला. औषधं घेऊन, वर तसाच बंदी घातलेला सूट घालून. इतका खटाटोप करून दोन शतांश सेकंद, आणि त्यातले औषधाचे किती आणि सुटाचे किती हे कोणी सांगावं. मला तर ते बघून सिएलोचंच कौतुक वाटलं (सूट त्यानेही घातलेला होता म्हणा).

मधली सुट्टी

सुटाचं उदाहरण भारी आहे, त्यावर पटकन उत्तर सुचत नाहीये. पण मग तंबूत झोपणं का चालतं हे कोणीच सांगितलं नाही अजून.

धावता धोटा

तंबूचं खरंच अवघड आहे. वाडाने (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) 2006 च्या सुमारास त्यावर बंदी आणायचा विचार केला होता, मग सोडून दिला. त्यांचा निकष असा की कामगिरी वाढते, तब्येतीला धोका आहे आणि खेळाच्या भावनेविरुद्ध आहे, या तीनपैकी दोन लागू झाले तर यादीत टाकता येतं, आणि ती तिसरी अट रबरासारखी आहे हे मान्यच. एक फरक मात्र आहे, तंबूत शरीर स्वतःच्या ब्रेकसकट लाल पेशी बनवतं, एका हद्दीपुढे जात नाही. इंजेक्शनला हद्द नसते.

बाकी टेस्टने कोणी सापडत नाही हे आता तितकं खरं नाही. नमुने दहा वर्षं ठेवतात आणि नवीन टेस्ट आली की जुन्या बाटल्या परत उघडतात, 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकचे कितीतरी जण असे नंतर सापडले. शिवाय 2009 पासून रक्ताचा पासपोर्ट आहे, त्यात औषध सापडावं लागत नाही, त्याच माणसाचे जुने आकडे आणि नवे आकडे जुळले नाहीत तरी पकडता येतं. लंडनच्या महिला 1500 मीटरमधलं गोल्ड आणि सिल्व्हर दोन्ही असंच गेलं.

तिरकस

गेलं खरं, पण त्या संध्याकाळी जी मागे राहिली तिला मेडल मिळालं ते कित्येक वर्षांनंतर. स्टेडियम नाही, राष्ट्रगीत नाही, आणि तोवर स्पॉन्सर भलत्याच्याच दारात जाऊन आलेला. परवानगी नको ठीक आहे, पण या लोकांचं काय करायचं त्यावर पण कोणीतरी धागा काढा.