के-बँडमध्ये ठळक ताऱ्याच्या मधोमध काळं भोक

प्रश्न : शोधक_के
२ मीटर वर्गातल्या दुर्बिणीवरचा एम ४२ चा (मृग नक्षत्रातला तेजोमेघ) के-बँडमधला, म्हणजे २.२ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशातला डेटा आहे. मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइड डिटेक्टर, १० सेकंदांच्या फ्रेम, ५ जागी डिदर (दर फ्रेमला दुर्बीण थोडी सरकवून). ट्रॅपेझियममधल्या (तेजोमेघाच्या मधल्या तारकागुच्छातल्या) ठळक ताऱ्याच्या केंद्रात काळं भोक दिसतं, पुढच्या फ्रेममध्ये त्याच पिक्सेलवर पुसट डाग उरतो आणि पाचही फ्रेमचा मीडियन (प्रत्येक पिक्सेलचं मधलं मूल्य) आकाश म्हणून वजा केला की तेजोमेघाभोवती काळे पट्टे येतात. डिटेक्टर खराब झालाय का?

उत्तर : पिक्सेलबुवा
नाही. भोक सॅच्युरेशनचं, म्हणजे पिक्सेल काठोकाठ भरल्याचं आहे. रीसेटनंतर (पिक्सेल रिकामे केल्यावर) पहिलं वाचन, एक्सपोजर संपताना दुसरं, आणि फाइलमध्ये जाते ती दोघांची वजाबाकी. तारा इतका ठळक की पहिल्या वाचनाआधीच पिक्सेल भरतो. दोन्ही आकडे सारखे, फरक जवळपास शून्य! एक्सपोजर घटवून फायदा नाही, कारण रीसेट ते पहिलं वाचन हा वेळ तेवढाच राहतो. डिटेक्टरचा छोटाच भाग (विंडो) वाचा म्हणजे तो वेळ घटेल, नॅरोबँड (अगदी अरुंद पट्ट्यातलाच प्रकाश सोडणारा) फिल्टर लावा किंवा थोडं डीफोकस करा. सुटी वाचनं जपली असतील तर अरेषीयतेची (प्रकाशाच्या प्रमाणात आकडा न वाढण्याची) दुरुस्ती त्यांच्यावरच करा, वजाबाकीनंतर नको.

उत्तर : थंडगार७७
डाग म्हणजे पर्सिस्टन्स. डिटेक्टरमधल्या दोषांत अडकलेला चार्ज हळूहळू सुटतो. नेहमीचा डार्क (प्रकाश अडवून घेतलेली फ्रेम) वजा करून तो जात नाही. फ्रेमचा क्रम पाहून आधी तारा जिथे होता ते पिक्सेल मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा. पुढच्या वेळी ठळक ताऱ्यानंतर लगेच ब्लँक (प्रकाश अडवणारा) फिल्टर लावून ओळीनं डार्क घ्या, डाग किती वेळात विरतो ते कळेल.

तापमानही बघा. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या डिटेक्टरला द्रव नायट्रोजनचे ७७ केल्विन पुरतात. उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचा टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) टिरकॅम-२ हा कॅमेरा इंडियम अँटिमोनाइडचा, ५ मायक्रॉनपर्यंत पाहणारा. म्हणून तो हीलियम क्रायोकूलरनं ३५ केल्विनवर ठेवतात.

उत्तर : पिक्सेलबुवा
पट्ट्यांचं राहिलं. एम ४२ नं अख्खी फ्रेम व्यापली असेल तर ५ डिदरच्या मीडियनमध्ये तेजोमेघच उतरतो. अर्धा-एक अंश बाजूला, तेजोमेघ नसलेल्या जागी जाऊन वस्तू-आकाश-आकाश-वस्तू असा क्रम ठेवा, एक्सपोजर तेवढंच. एच-बँडमध्ये (१.६ मायक्रॉनच्या आसपास) वातावरणातल्या हायड्रॉक्सिलच्या प्रकाशरेषा काही मिनिटांत बदलतात, त्यामुळे तासाभरापूर्वीचं आकाश चालणार नाही. केमध्ये २.३ मायक्रॉनच्या पुढे आरसा आणि डोमची उष्णताच जास्त भरते. म्हणून के-चा डोम फ्लॅटही (पिक्सेलची संवेदनशीलता मोजायला डोमच्या उजळलेल्या पडद्याची फ्रेम) दिवा चालू वजा दिवा बंद असाच घ्या.