मदत हवी आहे: सातारा ते बंगळूर सायकलने, जुन्या 'चार नंबर'वरून

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात साताऱ्याहून बंगळूरला सायकलने जायचं घाटतंय. अंतर साधारण सव्वासातशे किलोमीटर, रजा नऊ दिवसांची. कागदावर हा आता ४८ क्रमांकाचा महामार्ग, पण आमच्या घरी अजून 'चार नंबर'च. वडिलांची उमेदीची वर्षं याच रस्त्यावर ट्रक चालवण्यात गेली. कराड, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड... गावं ते पाढ्यासारखी म्हणतात आणि तवंदी घाट आला की हात आपसूक गिअरकडे जातो.

आठवड्यातून तीनदा यवतेश्वर चढून कासला जातो, त्यामुळे चढाचं काही वाटत नाही. धास्ती आहे ती तारेची. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला निघालो आणि कराडच्या अलीकडेच मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार. बोटाला लागेना, शेवटी टायरच्या आतून कापूस फिरवला तेव्हा तो अडकला. पंक्चरवाल्या काकांच्या पंपाला माझा बारीक व्हॉल्व्ह बसेना आणि माझा पंप घरी! सायकल टेम्पोत टाकून परत आलो. तर टायरच्या आतली पट्टी वापरून कुणाला खरंच फरक पडलाय का?

शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या पट्ट्यातून नुकतं कुणी सायकलने गेलंय का? नाहीतर रहिमतपूर, विटा, तासगाव, मिरज, चिकोडी करून संकेश्वरला लागता येईल. पण मग तवंदी हुकतो, आणि वडिलांना काय तोंड दाखवू?

दावणगिरीहून वाट वाकडी करून होदिगेरेला जायचंच आहे. १६६४ मध्ये शहाजीराजे तिथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले, समाधीही तिथेच. साताऱ्यात राहून ती पाहिली नाही हे बरं दिसत नाही. तिथून परत दावणगिरीला न येता चन्नगिरी, होळलकेरेमार्गे चित्रदुर्ग गाठता येईल ना? रस्ता आणि मुक्कामाची सोय कशी आहे? चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा असणारच. डिसेंबरात तो तोंडावर येतो की बाजूने?

येताना सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून पार्सल करणार आहे. साताऱ्याला गाडी थांबते जेमतेम; तेवढ्यात उतरवून देतात, की मिरजेलाच उतरवून घेतलेली बरी?

धारवाडी पेढा घेऊन आल्यावर कंदी पेढेवाले घरात घेतील का, त्यासाठी वेगळा धागा काढीन.